कोपऱ्यातली आठवी खिडकी

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मोठी खोली मनात आणा. मधोमध गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव, हवा इतकी दमट की शर्ट पाठीला चिकटावा, आणि एका भिंतीत आठ खिडक्या. त्यांच्या काचा साध्या नाहीत. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पापुद्रा दाबून बसवलेला. फुटल्या तरी तुकडे पोहणाऱ्यांच्या अंगावर पडत नाहीत.

हं, आता उघडा डोळे. त्या काचा बसवणारा कारागीर गुडघे टेकून त्यांच्या खालच्या कडा बघत होता. सहाच वर्षांत तिथे दुधाळ डाग चढले होते, पापुद्रा सुटायला लागला होता. शेजारी सुट्टीत राहायला आलेली त्याची भाची उभी होती.

"कारखान्याने तुम्हाला खराब माल दिलाय," तलावाच्या मुख्य बाई म्हणाल्या. "तसं लिहून द्या, म्हणजे नव्या हॉलचं काम मला तुम्हालाच देता येईल."

मामाने होकारार्थी मान हलवली. एवढं मोठं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं.

"मामा, ती कोपऱ्यातली बघ ना. तिला काहीच झालं नाहीये."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत अजून."

तरी तो उठून गेला. त्या चौकटीच्या तळाला पाणी निघून जायची तीन बारीक भोकं उघडी होती. बाकीच्या सातांची त्यानेच नंतर सिलिकॉनने बुजवली होती. ओघळ फरशीवर येतात, कुणी घसरेल, अशी तक्रार आली म्हणून. आठवीपाशी ट्यूब संपली आणि ती राहूनच गेली.

तो बाईंकडे वळला.

"बाई, माल चांगला आहे," तो म्हणाला. "काचेच्या कडेला पाणी तुंबून राहिलं. भोकं मी बुजवली."

"आम्हीच सांगितलं होतं ना?"

"तुम्ही ओघळ थांबवा म्हणालात. कसे, ते मला कळायला हवं होतं."

बाई म्हणाल्या, "मग नवं काम दुसऱ्याला द्यावं लागेल मला."

"द्या. फक्त त्याला म्हणावं, भोकं उघडी ठेव आणि खाली पन्हळ लाव."

मामा हत्यारं पिशवीत भरू लागला. भाचीने केसांतली पिन काढली, पहिल्या खिडकीपाशी मांडी घातली आणि भोकातलं सिलिकॉन टोकरायला लागली. थोड्या वेळाने पिवळट पाण्याची बारीक धार लागली. तिने चपला बाजूला सारल्या आणि ती दुसऱ्या खिडकीकडे सरकली.