तेलाच्या टोपीची खूण

मी एक जुने इंजिन आहे. मित्रांनो, 'जुने' हा शब्द वाचून तुमच्या मनात 'टाकाऊ' हा शब्द आला असेल, तर आधी पाठ ताठ करून बसा आणि मगच पुढे वाचा. मला अजून किती सकाळी लाभणार आहेत हे ठाऊक नाही. तेव्हा जे सांगायचे, ते आत्ताच सांगून टाकते.

ओतीव लोखंडातून मला घडवले आणि एका पांढऱ्या मालवाहू गाडीत बसवले. ती गाडी एका लाँड्रीच्या मालकांनी घेतली. रुग्णालयाच्या चादरी आणि शस्त्रक्रियागृहातले हिरवे कापड धुऊन, वाफेवर तापवून, गठ्ठे बांधून सकाळी सातच्या आत पोचवायचे, हे आमचे काम. कापड पोचल्याशिवाय पहिला रुग्ण टेबलावर घेत नसत. यंदापर्यंतच्या एकतीस वर्षांत माझ्यापायी एकही शस्त्रक्रिया खोळंबली नाही. हे मी मिरवत नाही. पण लपवतही नाही.

मालक मला जपत. दर रविवारी माझे थेंबभर तेल अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून ते बोटे हळूच विलग करीत, पाकाची तार बघावी तशी. तरुणपणी मला पातळ तेल मानवत असे. पुढे माझे भाग झिजले, त्यांच्यामधल्या फटी रुंदावल्या. पातळ तेल त्या फटींतून निसटू लागले, तेव्हा मालकांनी जाड तेल आणले. ते माझ्या झिजलेल्या भागांमध्ये गादीसारखे पसरून राही. पुन्हा चूक होऊ नये म्हणून त्यांनी लाँड्रीतली कपड्याला बांधायची कापडी खूण घेतली, तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने 'वीस-पन्नास' असे तेलाच्या जाडीचे माप लिहिले आणि ती माझ्या तेलाच्या टोपीला बांधली. मालक गेल्यावर तोच नेम त्यांच्या पत्नीने, आमच्या बाईंनी, चालवला. 'ही गाडी आहे तोवर लाँड्री आहे,' असे त्या सर्वांना बजावून सांगत.

यंदा बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या तीन आठवडे अंथरुणाला खिळल्या आणि माझा ताबा त्यांच्या थोरल्या मुलाकडे आला. तो वाईट नाही. आई उठेल तेव्हा गाडी लखलखीत दिसावी, म्हणून त्याने बॉनेट उघडून मला चक्क घासून धुतले. आणि मित्रांनो, घात तिथेच झाला. लाँड्रीत कपडा धुऊन झाला की त्याची खूण कापायची, हे त्याच्या हाताला लहानपणापासून जडलेले वळण. धुणे संपले, खिशातली कात्री निघाली, कट्. मी किंचाळू शकत असते तर त्या दिवशी किंचाळले असते.

मग तेल बदलायला त्याने मला एका नव्या वर्कशॉपमध्ये नेले. तिथल्या माणसाने विचारले, "तेल कुठलं घालू?"

"सगळ्यात भारी असेल ते घाला," थोरला म्हणाला. "आईची गाडी आहे."

ते तेल भारी होते, यात शंका नाही. नव्या इंजिनासाठी अमृतच. पण होते पाण्यासारखे पातळ, आणि तापल्यावर तर ते माझ्या अंगी थांबेचना. आठवडाभरात मी ठकठकू लागले. चौकात गाडी उभी राहिली की तेलाचा दाब घसरे आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुके. तो दिवा हा माझा एकमेव आवाज. थोरल्याने त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. "सेन्सर म्हातारा झालाय," तो स्वतःशीच म्हणाला. त्यानंतरचे बारा दिवस मी आतल्या आत घासत होते, थेंब थेंब गळत होते, आणि तो शेजारी गाणी ऐकत होता.

तेराव्या दिवशी बाई काठी टेकत आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

"रेडिओ बंद कर."

"आई, बातम्या लागतील आता."

"बंद कर म्हटलं ना." त्या ऐकत राहिल्या. "ही ठकठक कधीपासून आहे?"

"झाला असेल आठवडा. म्हातारं झालंय गं, कुरकुरायचंच."

"म्हातारी मीही झालेय. मी ठकठकते का?"

"काठी घेतल्यापासून ठकठकतेस की."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी नखाने ती काळी पट्टी उचकटली. खाली दिवा लालभडक पेटलेला होता.

"गाडी बाजूला घे. इंजिन बंद कर."

"अगं, ते काय, रुग्णालय समोर दिसतंय. पावणेसात झालेत."

"तेवढ्यात ते मरेल. गठ्ठे खांद्यावर घे आणि चालत जा."

थोरल्याने चार खेपा केल्या. शेवटचा गठ्ठा पोचला तेव्हा सात वाजून बारा मिनिटे झाली होती. एकतीस वर्षांतला पहिला खोळंबा. तो माझ्या नावावर लागला.

बाईंनी तोवर बॉनेट उघडून घेतले होते. "टोपीची खूण कुठाय?"

"कापली," घामाने निथळणारा थोरला म्हणाला. "धुऊन झालं होतं ना."

बाईंनी टोपीवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "नातवाचा सदरा मला चढवलास म्हणून मी तरुण होत नाही, बाळा. शिवण तेवढी उसवते."

आमच्या नेहमीच्या जुन्या मिस्त्रींनी मला ओढून नेले, ते पातळ तेल काढले आणि जाड तेल भरले. "बेअरिंग घासलंय, मावशी," ते म्हणाले. "किती, ते चालू केल्यावरच कळेल. दिवा विझला तर वाचलं. नाही विझला तर भंगार."

थोरल्याने नवी खूण लिहिली आणि स्वतः बांधली. "दुहेरी गाठ मार," एवढेच बाई म्हणाल्या. मग चावी फिरली. पूर्वी 'एक' म्हणेपर्यंत दिवा विझत असे. त्या दिवशी बाई मोठ्याने मोजू लागल्या. एक, दोन, तीन. माझ्या कोरड्या भागांवर तेल चढत नव्हते. चार. मिस्त्रींनी मान फिरवली. पाच.

सहाला दिवा विझला.

मित्रांनो, तुमच्या घरात जे जुने असेल, यंत्र असो वा माणूस, त्याला काही देण्यापूर्वी त्याला काय मानवते ते विचारा. भारी वस्तू आणली म्हणजे काळजी घेतली, असे समजू नका. त्याची खूण कापू नका आणि त्याच्या दिव्यावर पट्टी लावू नका. ही विनंती समजा किंवा आज्ञा समजा, पण पाळा.

हल्ली चावी थोरला फिरवतो आणि बाई शेजारी बसून मोजतात. सहा, सहा, सहा, असे पुष्कळ दिवस गेले. काल सात झाले. थोरल्याने आईकडे पाहिले. बाईंनी काठी घट्ट धरली आणि म्हणाल्या, "चल. कापड पोचवायचंय."