श्वासाचा लिलाव

फुंकाबाईंना दमा निघाला. मशीनवर दिसला, डॉक्टरांनी मान्य केला, पंप सुरू झाला. प्रश्न मिटला.

आता हे वरचं कुणी वाचलंच नाही असं समजू. कारण फुंकाबाईंना काहीही झालेलं नव्हतं, आणि त्यांच्यासमोर तरी सगळ्यांनी तसंच धरून चालायची पद्धत होती.

फुंकाबाई हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, पेशंटांनी ठेवलेलं. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, अगदी टोकाला, श्वास मोजायची खोली होती. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग ओरडायचं, "फुंका! फुंका फुंका फुंका! अजून, अजून, थांबू नका, रिकामे व्हा!" समोरच्या पडद्यावर मेणबत्त्यांचं चित्र असे. नीट फुंकलं की त्या विझत. माणूस आपणहून कधीच पूर्ण फुंकत नाही. कुणीतरी मानगुटीवर बसावं लागतं, तेव्हा कुठे तळाचा श्वास बाहेर पडतो. फुंकाबाई अशा ओरडत की पलीकडे हाडांच्या विभागात पाय प्लास्टरमध्ये असलेली माणसंही फुंकायला लागत.

त्यानंतर पंपाचे फवारे द्यायचे, थोडा वेळ बसवायचं, पुन्हा फुंकायला लावायचं. आकडा उसळला तर बहुतेक दमाच. मग पेशंट घाबरून विचारी, "बाई, पंपाची सवय लागते म्हणे?"

"चष्म्याची लागते तेवढीच," फुंकाबाई म्हणत. दिवसभर म्हणत.

आणि घरी पहाटे खोकत उठून बसत. छातीत बारीक शिट्टी वाजे.

"कुकर झाला वाटतं," त्या नवऱ्याला सांगत.

"कुकर धुऊन पालथा घातलाय."

"मग शेजाऱ्यांचा असेल."

"अगं, दाखव की कुणाला तरी. रोज तिथेच तर असतेस."

"पोस्टमन स्वतःला पत्र टाकतो का?"

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," नवरा म्हणे, आणि कोरड्या पाषाणासारखा कुशीवर वळे.

खरी अडचण कपाटात होती. फुंकाबाईंच्या बाबांनाही अशीच शिट्टी होती. ते तिला 'हवा बदलली' म्हणत आणि तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपत. लेकीनं आणून दिलेला पंप त्यांनी शेवटपर्यंत खोक्यातून काढला नाही. "एकदा घेतला की सुटत नाही, पोरी." बाबा गेले ते त्याच उशांना टेकून. खोकं कपाटात राहिलं. फुंकाबाई अख्ख्या जगाला पटवू शकत, पण स्वतःची शिट्टी वाजली की आतून बाबा बोलत, आणि बाबांपुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं. शिवाय समजा, पंप घेतला आणि बरं वाटलं, तर मग... हा विचार त्या पुरा करत नसत.

मग आवाज आखडला. चार 'फुंका'ऐवजी एकच निघे आणि फुंकाबाईंना टेबल धरून उभं राहावं लागे. पेशंट सज्जन, बाई थांबल्या की तेही थांबत. मेणबत्त्या जळत राहत. त्या आठवड्यात सगळ्या शहराचा श्वास घटला. पोहण्याचे मास्तर ढासळले. रोज दहा जिने चढणारा पेपरवाला नापास झाला. डॉक्टरांनी भराभर औषधं वाढवली, मग मशीनवर संशय घेतला. दुरुस्तीवाला आला, त्यानं स्वतः फुंकून पाहिलं, आणि मशीन ठणठणीत आहे, आपलंच काहीतरी बिघडलंय अशी खात्री होऊन रडवेला होऊन गेला.

फुंकाबाईंनी पुढच्या पेशंटच्या नाकाला चिमटा लावला.

शेवटी लिलाववाले काका आले. भाजीबाजारात लिलाव पुकारणारे, जुने दमेकरी. त्यांचाही आकडा पडला.

"बाई, मी सकाळी दोन ट्रक कांदा उभ्यानं विकून आलोय. माल चांगलाय. पुकारणाराच बसलाय."

"घसा धरलाय, काका."

"ही शिट्टी मी आयुष्यभर सांभाळलीय, ती मलाच नका विकू. बाहेर एक पोरगी रडतेय. दुप्पट औषध लिहून दिलंय म्हणे. दमा तिला आहे की तुम्हाला?"

फुंकाबाईंनी दाराकडे पाहिलं. मग खुर्चीत बसल्या आणि नाकाला चिमटा लावला.

काकांना ओरडायची एकच रीत ठाऊक होती. "चला, ताजा माल, बाईंचा श्वास! दीड लिटर! दीडवर थांबू नका, तळाला आहे अजून, गोणी झटका! दीड एकवार! अहो लाजू नका, दीड दोनवार!"

दोन मेणबत्त्या विझल्या. बाकीच्या मजेत जळत होत्या. काका स्वतःच धापा टाकत खाली बसले, खिशातला पंप ओढला आणि खोलीतल्या पंपाकडे बोट केलं.

"काका," फुंकाबाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "सवय लागते का हो?"

"चष्म्याची लागते तेवढीच. तुम्हीच सांगितलंत."

फुंकाबाईंनी फवारे घेतले. दोघं भिंतीला टेकून बसून राहिले. मग पुन्हा चिमटा, पुन्हा लिलाव. या वेळी सगळ्या मेणबत्त्या विझल्या.

"तीनवार! सुटला!" काका ओरडले. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. "अहो, फायदा झालाय. रडता काय?"

"एवढंसंच होतं हो, काका," फुंकाबाई म्हणाल्या. "एवढंसंच."

डॉक्टरांनी दमा मान्य केला, रोजचा पंप लिहून दिला आणि झाल्या गोंधळाबद्दल वरच्यांना अर्ज करायला सांगितलं. फुंकाबाईंनी त्याच दुपारी केला:

"महोदय, गेल्या आठवड्यातील सर्व पेशंटांची तपासणी पुन्हा करण्यात यावी व वाढवलेल्या औषधांचा तोवर फेरविचार व्हावा. तसेच, पंपामुळे अर्जदाराच्या श्वासात झालेली सुधारणा अर्जदाराच्या दिवंगत वडिलांना पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावी, आणि त्यांच्या पाठीमागील तीन उशांपैकी निदान दोन उशा काढून घेण्यात याव्यात, ही नम्र विनंती."