साठ अंशांचा कडा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मुलुंडच्या एका गोदामात पडून आहे. माझ्या पडद्याला तडा गेला आहे, कळफलकाची चार बटणं निखळली आहेत. त्याचं मला फारसं दुःख नाही. मला वाटते ती भीती. कशाची, ते सांगतो.

१९८७ साली मी अंधेरीतल्या एका जमीनमोजणी कार्यालयात आलो. काय थाट होता माझा! माझ्यासाठी खास गारेगार खोली. आत यायचं तर साहेबांनाही चपला बाहेर काढाव्या लागत. दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला. "मशीन कधी चुकत नाही," असं जो तो म्हणे आणि मलाही ते खरं वाटू लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात घाटकोपरच्या डोंगरपायथ्याची दोनशे घरं माझ्यात नोंदवली गेली. घरापासून कड्यापर्यंतचं अंतर आणि घरापासून कड्याचा माथा किती अंशांच्या कोनात दिसतो, एवढंच. चाळीस फुटांहून उंच कड्याखालची घरं पावसाळ्याआधी रिकामी करायची होती. मला चालवणाऱ्या अनुपमाने प्रश्न टाइप केला: अंतराला कोनाच्या टॅनने गुण आणि आलेली उंची चाळीस फुटांच्या वर गेली तर घरमालकाचं नाव दे. मी भराभर यादी छापली. नुसती नावं. उंची कुणी मागितलीच नव्हती.

आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या सुंदराबाई त्याच पायथ्याशी राहत. त्या दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, माझं नाव नाय ना त्यात?"

"नाही हो सुंदराबाई. सुटलात तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. एक माझ्यापुढेही ठेवला. तो पेढा आठवला की आजही माझा थरकाप होतो.

कारण मला अंश कळतच नाहीत. मी कोन रेडियनमध्ये धरतो. ती कोन मोजायची दुसरी रीत आहे. सुंदराबाईंच्या घरामागचा कोन होता साठ अंश, अंतर तीस फूट. मी ते साठ रेडियन समजलो आणि बावन्न फुटांचा कडा दहा फुटांचाही ठेवला नाही.

कार्यालयात भाऊराव नावाचे जुने मोजणीदार होते. चहाचे डाग पडलेलं त्यांचं लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक पाहून सगळे हसत. एक दिवस ते माझी गंमत करायला आले.

"अनुपमा, तिसाचा लॉग विचार ना तुझ्या मशीनला."

मी सांगितलं, ३.४०१२. पुस्तकात होतं १.४७७१.

"वाट लागली! आता खोटं कोण, पुस्तक की हे?"

अनुपमाने माझं माहितीपुस्तक उघडलं. लॉगमध्ये चूक कुणाचीच नव्हती. पुस्तकाचा पाया दहा होता, माझा वेगळा. पण त्याच पानावर खाली टॅनचा नियम होता. तो वाचून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"भाऊराव, कोन रेडियनमध्ये द्यायचा होता. मी अंश दिले. सगळ्या घरांचे!"

भाऊरावांनी सुंदराबाईंच्या घराचं अंतर आणि कोन घेऊन पुस्तकातले दोन लॉग शोधले, बेरीज केली, पुन्हा पुस्तकात पाहिलं. बावन्न फूट.

"सुंदराबाई कुठेयत?" ते ओरडले.

नवी यादी त्याच दिवशी निघाली. सुंदराबाई मुलांना घेऊन आरे कॉलनीत बहिणीकडे गेल्या. जुलैत कडा कोसळला. त्यांच्या घराचे पत्रेसुद्धा सापडले नाहीत. दुसऱ्या सकाळी त्या कामावर आल्या, माझ्या दारात थांबल्या, माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला न पुसताच परत गेल्या.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसलीत तर बरंच वाटेल. पण त्याआधी आमचं उत्तर एकदा कागदावर ताडून पाहा. आम्हाला हार घालून देव करू नका.

आणि माझी भीती? त्या उन्हाळ्याआधी मी बोरिवली-मुलुंडच्या कितीतरी उतारांची, भिंतींची उत्तरं अशीच अंशांवरून दिली होती. त्या जुन्या याद्या काढायला कुणाला सवड झाली नाही. ती उत्तरं खरी मानून माणसं निश्चिंत घरी गेली आहेत.