जाळीच्या दारातली आई

आर्डिथ होलब अमेरिकेतल्या एरी शहरातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं स्वयंपाकीण होती. मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातल्या तीन सकाळी तिला डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास बसावं लागू लागलं. जो तो तिला धीर द्यायचा. नर्स म्हणायची, "छान चाललंय हं." चर्चमधल्या बायका फुलाफुलांची कार्डं पाठवायच्या. आर्डिथला त्या गोडव्याचा वीट आला होता.

शेजारच्या खुर्चीत वेंडेल प्रोकोप असे. हायस्कुलात नाटक शिकवून निवृत्त झालेला. एका हाताला नळ्या, दुसऱ्यात फाटकं पुस्तक, आणि ओठांत पुटपुट.

"मास्तर, प्रार्थना चाललीय का?" तिने एकदा विचारलं.

"नाटक आहे. बाप दारुडा, आई खोटारडी, मुलगा तुरुंगातून सुटून आलाय. जेवायला बसलेत आणि एकमेकांचे लचके तोडतायत."

"इथे दुःखाची टंचाई होती म्हणून घरून आणलंत वाटतं."

"वाचून तर बघा, बाई. आई तुम्ही, बाकी सगळे मी."

वेळ जावा म्हणून ती वाचू लागली. त्या घरात कुणीच कुणाला 'सगळं ठीक होईल' म्हणत नव्हतं. माणसं खोटं बोलत, पकडली जात, तरी टेबलावरून उठत नसत. वाचता वाचता आर्डिथ मोठ्याने हसली. कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटलं. त्यानंतर तीच विचारू लागली, "आज कुणाचं घर मोडायचंय, मास्तर?"

मार्चमध्ये त्यांनी चौथं नाटक घेतलं. त्यात मुलगी सहा वर्षांनी घरी येते आणि आई जाळीचं दार न उघडताच म्हणते, "आत यायचं असेल तर आधी चूक कबूल कर."

आर्डिथ एवढं वाचून थांबली.

"हे मी बोललेय," ती म्हणाली. "जोलीनला, माझ्या मुलीला. तिचा बाप दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता तेव्हा ती फिरकली नाही म्हणून. तीन वर्षं झाली."

वेंडेलने समजूत घातली नाही. "पुढचं वाक्य मुलीचं आहे," तो म्हणाला. "वाचू?"

"वाचा."

नाटकातली मुलगी सलग दोन पानं बोलत होती. ऐकताना आर्डिथच्या लक्षात आलं, आपण जोलीनला एक ओळदेखील बोलू दिली नव्हती.

दुपारी घरी येऊन तिने फोन लावला.

"आई? कुणी गेलं का?"

"नाही गं. विचारायचं राहिलं होतं. तेव्हा तू का आली नाहीस?"

 जोलीन म्हणाली, "आले होते. चार वेळा. गाडीतच बसून राहिले. बाबांना तसं बघायची छाती झाली नाही."

ती तासभर बोलली. त्यातलं बरंच आर्डिथच्या वर्मी लागलं, पण तिने मध्ये तोंड घातलं नाही. पुढच्या सोमवारी जोलीन तिला डायलिसिसला न्यायला आली. वाटेत कुठल्या रस्त्याने जायचं यावरून दोघींची जुंपली, आणि आर्डिथला तेही बरं वाटलं.

"मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू?" तिने वेंडेलला विचारलं.

"माझे कसले? नाटक लिहिणाऱ्या बाईचे माना. हयात आहेत अजून. प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र जातं."

आर्डिथने चारच ओळी लिहिल्या. 'तुमच्या नाटकातली आई फार कठोर आहे. ती मी आहे. तुम्ही तिला गोड केलं नाहीत, म्हणून मला मुलगी परत मिळाली. मनापासून आभार.'

जोलीनने शुद्धलेखन तपासलं आणि पत्र पेटीत टाकलं.