मातीनं खाल्लेलं बनियन

थोरली उतारावर बांधाचे दगड रचत होती आणि खाली धाकटीच्या शेतात चार माणसं उभी राहून हसत होती. ती कशाला हसतायत हे थोरलीला कळलं नव्हतं. पण धाकटीच्या शेतात हसतायत, एवढंच तिचं डोकं फिरायला पुरेसं होतं. हातातला दगड तिनं असा आपटला की कपारीतला सरडा पळून गेला.

दोघी सख्ख्या जावा. वाटणी झाली तेव्हा धाकट्या दिराला खालचं सपाट शेत मिळालं आणि थोरल्याच्या वाट्याला उतार आला. उतार म्हणजे नुसता मुरूम, वरची माती कधीच ओढ्याला वाहून गेलेली. पंधरा वर्षं थोरलीनं तिथं बांध घातले, डोक्यावरून शेण नेलं, पालापाचोळा नेला, उपटलेलं तणसुद्धा तिथंच पसरलं. त्यामुळं शेत दिसायचं उकिरड्यासारखं. धाकटीचं मात्र झाडलेल्या अंगणासारखं. तिला काडी दिसली की ती पेटवून द्यायची, वर्षातून तीनदा ट्रॅक्टर फिरवायची, खताची पोती ओतायची. येणारा-जाणारा म्हणायचा, शेत ठेवावं तर धाकटीनं! हे ऐकलं की थोरलीला जेवण जायचं नाही.

"वहिनी, या की खाली!" दीर ओरडला. "मॅडम आपल्या दोन्ही शेतांत बनियन पुरणार आहेत!"

"काय पुरणार?"

"बनियन! नवं कोरं, सुती!"

"माझा नवरा भोकाभोकांचं घालून हिंडतोय, आणि नवं जमिनीला?"

सगळे खो खो हसले. मॅडमही हसल्या. त्या मातीच्या संशोधन केंद्रातून आलेल्या. कुणाच्याही शेतात पाऊल टाकलं की आधी मूठभर माती उचलून हुंगायच्या, म्हणून लोक त्यांना मातीवाल्या मॅडम म्हणायचे. त्यांनी दोन्ही शेतांत वीतभर खोल एकेक बनियन पुरलं, शेजारी नंबर घातलेली खुंटी ठोकली.

"दोन महिन्यांनी उकरू," त्या म्हणाल्या. "जमीन किती जिवंत आहे ते बनियनच सांगेल. कसं ते चहा घेता घेता समजावते, चला."

चहा धाकटीच्या ओट्यावर होता. तिच्या ओट्यावर कोण जाणार! थोरली पाठ फिरवून दगडांकडं गेली, आणि जे ऐकायचं होतं तेच नेमकं राहून गेलं.

तिनं आपला हिशेब आपणच लावला. चांगल्या घरात कापड टिकतं, वाईट घरात चिंध्या होतात. जमिनीचंही तसंच असणार. दोन महिने ती त्या खुंटीवरून येता-जाता नजर फिरवायची. एकदा तरी मॅडमनी सगळ्यांसमोर म्हणावं, की पहिला नंबर उताराचा. धाकटीचं तोंड तेव्हा कसं होईल, हे तिनं भाकरी थापताना, भांडी घासताना, कितीदा बघून घेतलं होतं.

मॅडम यायच्या आदल्या दिवशी धाकटी बाजाराला गेली. भर दुपारी थोरलीनं खुरपं घेतलं आणि आपली खुंटी गाठली. म्हटलं, जरा डोकावून तर बघू.

वर आलं ते बनियन नव्हतंच. गळ्याची आणि बाह्यांची शिवण तेवढी राहिली होती, बाकी सगळं खाऊन टाकलेलं. शिवणीला गांडुळं लोंबत होती. थोरलीला रडूच कोसळलं. एवढं शेण घातलं, एवढी कंबर मोडली, आणि या जमिनीनं कापडसुद्धा धड ठेवलं नाही! मग ती तशीच खाली उतरली, इकडं तिकडं बघितलं आणि धाकटीचं उकरलं. जरा पिवळट पडलेलं, पण धुऊन नवऱ्याला घालता येईल असं सबंध बनियन. थोरलीचा जळफळाट झाला. हिचं बनियनसुद्धा टिकतं!

तिनं दोन्हींची अदलाबदल केली, माती दाबली आणि घरी येऊन तीनदा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी जमली. आधी उताराची खुंटी. मॅडमनी सबंध बनियन बाहेर काढलं आणि थोरलीनं पदर सारखा करून चारी बाजूंना बघितलं. मॅडमचा चेहरा मात्र पडला. त्यांनी मूठभर माती हुंगली, पुन्हा हुंगली.

"वास तर चांगला येतोय," त्या पुटपुटल्या. "पण कापड खोटं कसं बोलेल?"

मग धाकटीची खुंटी. शिवणीचा सांगाडा वर आला.

"अगं बाई, चिंध्या!" थोरली मोठ्यानं हळहळली.

मॅडमनी तो सांगाडा झेंड्यासारखा उंच धरला. "याला म्हणतात जिवंत जमीन! मातीतले जीव सुती कापड खातात. जितकं जास्त खाल्लं, तितकी माती सकस!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीही वाजवत होती, पण तिचे डोळे खाली होते. स्वतःच्या हातानं आपला पहिला नंबर तिनं जावेच्या शेतात पुरला होता.

मॅडम पुढं सांगत होत्या, "आता खरा प्रयोग. जिवंत शेतातली वरची माती दमलेल्या शेतावर पातळ पसरायची. दुधाला विरजण लावतो तसं. शंभर पाट्या खालून वर न्यायच्या. चला, आजच सुरुवात करू."

दिरानं पहिली पाटी भरली. राखाडी, दगडासारखी ढेकळं. ती खांद्यावर घेऊन तो उतार चढायला लागला. थोरलीला आपली पंधरा वर्षं दिसली, डोक्यावरच्या शेणाच्या पाट्या दिसल्या. त्यावर हे मेलेलं ओझं पडणार? ती धावत जाऊन बांधावर वाट अडवून उभी राहिली.

"भाऊजी, ती ढेकळं माझ्या मातीत टाकाल तर बघा!"

"वहिनी, मॅडम सांगतायत की..."

"मॅडमना काय ठाऊक! बनियनं मी बदलली! काल! चोरून!"

थोरलीच्या नवऱ्यानं डोक्याला हात लावला. "अगं, चोरी करून हरणारी तूच पहिली!" यावर जो हशा पिकला, तो थोरलीच्या हाडापर्यंत गेला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या उतार चढून आल्या, गुडघ्यांवर बसल्या, पाचोळा बाजूला सारून बोटांनी माती उकरली आणि काळी भुसभुशीत मूठ वर धरली.

"मुरुमावर एवढी माती? ही कुणी केली?"

"मी," थोरली म्हणाली. पंधरा वर्षांत हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

"मग पाट्या वरून खाली जायला हव्यात. पण माती तुमची. द्याल का?"

थोरलीनं धाकटीकडं बघितलं. धाकटी पुढं आली.

"जाऊबाई, त्या चिंध्या माझ्या नाहीत हे मला लगेच कळलं होतं. माझ्या शेतात गांडूळ दिसून किती वर्षं झाली! पण लोक टाळ्या वाजवत होते. गप्प राहिले."

टाळ्यांची भूक काय असते, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. तिनं दिराच्या हातातली पाटी ओढून रिकामी केली.

"भरणार मी. दुसऱ्या कुणी कुदळ लावायची नाही. आणि एक काडी जरी पेटवलीस ना धाकटे, तर सगळी माती परत उचलून आणीन!"

"आणा," धाकटी म्हणाली आणि पाटी धरायला खाली बसली.

संध्याकाळी थोरलीनं तो शिवणीचा सांगाडा मॅडमकडून मागून घेतला, धुतला आणि अंगणातल्या दोरीवर बरोबर मधोमध वाळत घातला. पलीकडच्या अंगणात धाकटी कपडे काढत होती. काढता काढता तिचे हात थांबले. ती त्या चिंध्यांकडं एकटक बघत राहिली, ओठ घट्ट मिटून. ती नजर थोरलीनं लगेच ओळखली. तिची स्वतःचीच होती ती, पंधरा वर्षं वापरलेली.

थोरलीनं चिमटे काढले आणि बनियन पलीकडून नीट दिसेल असं जरा पुढं सरकवलं.