वजडीच्या खोलीची पाळी

पहाटे उठलं की गाबाइपोने आधी बोटं वाकवून बघायची. उजव्या हाताची तीन बोटं मुळी वाकतच नसत. गरम पाण्याच्या टोपात पाव तास बुडवून ठेवली म्हणजे कुठे जरा हलू लागत. तोवर चुलीवरच्या बोगोबेत, म्हणजे ज्वारीच्या घट्ट पेजेत, दांडा फिरवायचं काम लेकीचं, आणि आईच्या कामाच्या झग्याची बटणं लावायचं कामही लेकीचंच.

"आई, आज डोकंही मीच विंचरते," बोनोलो म्हणाली.

"विंचर बाई. उद्या घासही भरव. म्हातारी झाले."

"त्रेचाळीसची कुठे म्हातारी असते?"

"कारखान्यात असते."

बोनोलो हसली नाही. दवाखान्यात तीच आईबरोबर गेली होती. डॉक्टर म्हणाला होता, एका जागी उभं राहून एकच काप घालणं थांबवलं नाही, तर वर्ष संपायच्या आत हा हात कायमचा जाईल. गाबाइपोने गेली चौदा वर्षं जनावरांच्या खांद्यावरची चरबी सोडवत होती. मांसाच्या कारखान्यात पहिल्या दिवशी जिथे उभं केलं तिथेच माणूस शेवटापर्यंत उभा राहायचा. हात गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की बोनोलोचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष गेलं. घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं.

ती उभी राहायची त्या कापणीच्या दालनात बारा माणसं होती. पट्टा सरकत यायचा, प्रत्येकाने आपापला काप घालायचा. तेराव्या माणसाला मात्र कोणी दालनातलं धरत नसे. ती कुबी. दालनामागे वजडीची खोली होती, तिथे जनावरांचे कोठे, म्हणजे पोटं, फोडायचे, शेण काढायचं, उकळत्या पाण्यात टाकून खरवडायचं. कुबी अकरा वर्षं तिथे एकटी होती. तिच्या अंगाला तो वास इतका मुरला होता की ती पाण्याच्या नळाशी आली की बाकीच्या बायका आपापले डबे उचलून लांब सरकत. ती आपली बाहेर भिंतीला टेकून जेवायची.

कुबी बासार्वांपैकी होती, एकटीला म्हणायचं तर मोसार्वा. बासार्वा म्हणजे या मुलखाचे आधीचे रहिवासी, आणि म्हणूनच बहुधा सगळ्यांच्या पायाखाली. तिचा बाप गाबाइपोनेच्या वडिलांच्या गुरांच्या तळावर राखणीला होता. पगार म्हणजे दूध आणि मालकाचे जुने कपडे. वडील वारले तेव्हा गुरं थोरल्या भावाकडे गेली आणि कुबीची माणसं गाबाइपोनेच्या वाट्याला आली. असं कोणी तोंडाने बोललं नाही, पण सगळ्यांनी तसंच धरलं. तळ मोडला तेव्हा गाबाइपोनेनेच कुबीला कारखान्यात लावलं. हे ती चारचौघांत सांगायची, आणि सांगताना तिचा ऊर भरून यायचा. आपण किती भल्या, या गोष्टीवर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

त्या वर्षी कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेसाठी ओतेंग नावाचा तरुण अधिकारी आला. शिकलेला, गोड बोलणारा. त्याने तेराही जणांना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि फेरपाळीची गोष्ट काढली. दर दोन तासांनी जागा बदलायची, म्हणजे एकाच हातावर एकच ताण येणार नाही.

"पण ही फेरपाळी मी ठरवणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही ठरवायची. कुठून कुठे जायचं, कोणी कोणाला शिकवायचं, सगळं तुमच्या विचाराने. वरून हुकूम आला की माणसं दोन महिन्यांत सोडून देतात, म्हणून कंपनीने एकच अट घातली आहे. तेराच्या तेरा सह्या हव्यात. एक जरी कमी पडली, तर जो तो आपल्या जुन्या जागी."

कामगारांनी गाबाइपोनेला अध्यक्ष केलं. तिला त्या रात्री किती दिवसांनी चांगली झोप लागली.

बैठका तीन झाल्या. पहिली सगळी सुऱ्यांवरच गेली. हाडं सोडवणारा म्हातारा मोकगोसी आपली सुरी कोणाला द्यायला तयार होईना. "माझी बायको न्या, सुरी मागू नका," तो म्हणाला. त्याची बायको तिथेच, वजनाच्या काट्यावर कामाला होती. "घेऊन जा गं कोणीतरी याला, सुरीसकट," ती म्हणाली आणि सगळे हसले. शेवटी सुऱ्या ज्याच्या त्याच्याजवळ ठेवायच्या आणि जागा तेवढ्या बदलायच्या, असं ठरलं. दुसऱ्या बैठकीत कोणी कोणाला काय शिकवायचं ते ठरलं. मान, खांदा, फासळ्या, काटा, बांधणी, एकेक जागा फळ्यावर चढली. माणसं खुशीत होती. इतक्या वर्षांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत ओतेंगने फळ्यावर शेवटची जागा लिहिली. वजडी.

मग मोकगोसी म्हणाला, "ती कशाला?"

"तीही जागाच आहे, बाबा. आठवड्यातून एकदा प्रत्येकाची पाळी येईल."

"म्हणजे मी तिथे शेण उपसणार, आणि ती माझ्या जागी सुरी घेऊन उभी राहणार? मोसार्वा, माझ्या पाठीमागे, सुरी घेऊन?"

"तिला सवय आहे हो," काट्यावरची बाई म्हणाली. "त्यांच्या हातांना काही होत नाही. रानातले हात ते."

"गाढवाला गुळाची चव काय," आणखी कोणीतरी म्हणालं.

कुबी तिथेच बसली होती, कोणीही तिच्याकडे बघितलं नाही. मोकगोसीने हात झटकले. "वजडी त्यात असेल तर माझी सही नाही." त्याच्यामागून आणखी चौघं तेच म्हणाले. ओतेंग गाबाइपोनेकडे बघू लागला. ती उठली आणि तिने फळ्यावरचा तो शब्द पुसून टाकला. बारा सह्या पटापट झाल्या.

तेरावी राहिली. कुबीला सही येत नव्हती. गाबाइपोने कागद आणि शाईची गादी घेऊन तिच्याजवळ गेली.

"अंगठा दे, कुबी."

"कशाचा कागद आहे, म्मा?"

"सगळ्यांच्या भल्याचा."

कुबीने फळ्याकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिथे काय पुसलं ते तिने बघितलं होतं. तिची दोन बोटं गेल्या हिवाळ्यापासून पांढरी पडली होती, आणि पाण्याचा पेला ती दोन्ही मनगटांत धरून प्यायची. "मलापण फिरायचंय," ती म्हणाली.

अकरा वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

गाबाइपोने खाली वाकली आणि हलक्या आवाजात बोलू लागली. "तुझ्या बापाला कोणाच्या वडिलांनी पोसलं? आजारात तुझ्या आईला गाडी कोणी केली? इथे तुला कोणी लावलं? माझा हात चाललाय, कुबी. लेकीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. तू मला बुडवणार आहेस का?"

कुबीने हात पुढे केला, पण अंगठा सरळ होईना. तेव्हा गाबाइपोनेने तो आपल्या मुठीत धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. ओतेंग खिडकीबाहेर बघत होता. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

फेरपाळी फळली, यात खोटं काही नाही. दोन महिन्यांत गाबाइपोनेची बोटं मिटू लागली. ती स्वतः बटणं लावू लागली. वरच्या कार्यालयातून माणसं येऊन फोटो काढून गेली. माणसांचे हात हलके झाले तसा पट्टाही जोरात पळू लागला, आणि वजडीच्या खोलीत रोज दीडपट कोठे येऊन पडू लागले. तिथे मात्र माणूस तेच एक. कुबीने एकदा मुकादमाला जोडीदार मागितला. "तुझा अंगठा आहे ना कागदावर?" तो म्हणाला.

एका मंगळवारी घाईत, हौदात हात घालण्याआधी गार पाण्याचा नळ सोडायचा राहिला. कुबीने उकळत्या हौदात दोन्ही हात घातले. एव्हाना दोन्ही हातांना काही कळत नव्हतं, म्हणून ती खरवडत राहिली. पाण्यावर तरंगतं ते जनावराचं नव्हे, आपलं कातडं आहे, हे तिला डोळ्यांनी बघून कळलं.

मजूर खात्याचा माणूस चौकशीला आला. ही बाई फेरपाळीत का नव्हती, असं त्याने विचारलं. ओतेंगने कागद पुढे केला.

"अंगठा तिने राजीखुशीने दिला?" खात्याच्या माणसाने अध्यक्षबाईंना विचारलं.

"हो," गाबाइपोने म्हणाली. "तिलाच नको होतं."

त्याने तसं लिहून घेतलं. चौकशी चहा यायच्या आत संपली.

त्या रविवारी गाबाइपोने दवाखान्यात गेली. कुबीचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळले होते. उशाशी तिची अठरा वर्षांची पोरगी बसली होती आणि आईच्या तोंडात पेज घालत होती. गाबाइपोने समोर बसली. सुचेल ते बोलली, हवा, गुरं, पाऊस. चौकशीचं काही बोलली नाही. कुबीलाही ते कळलेलं होतं, कारण दवाखान्यात सगळं कळतं.

निघताना कुबी म्हणाली, "म्मा, माझं झालं ते झालं. माझ्या पोरीला तिथे नेऊ नका."

तिने शिव्या दिल्या असत्या तर गाबाइपोनेने त्या आनंदाने झेलल्या असत्या. हे बोलणं मात्र तिला पेलवेना. फाटकाबाहेर येऊन ती कठड्यावर बसली आणि ढसाढसा रडली. पण रडून कुबीचं काय भलं होणार होतं?

सोमवारी बैठक होती. माणूस बदलला म्हणून कंपनीला नव्या सह्या हव्या होत्या, आणि वजडीची खोली रिकामी होती.

"कुबीची पोर आहे की," मोकगोसी म्हणाला. "गाबाइपोने आणील. त्यांचीच माणसं ती."

सगळ्यांनी माना हलवल्या. कागद फिरत फिरत गाबाइपोनेपुढे आला. त्यावर अकरा सह्या होत्या. तिने पेन उचललं, आणि परत ठेवलं.

"मी तिला आणणार नाही," ती म्हणाली. "आणि सहीही करणार नाही. वजडी फळ्यावर लिहा, पहिली पाळी माझी लावा, मग करते. तो अंगठा कुबीने दिला नव्हता. मी तिचा हात धरून उठवला होता. तुम्ही सगळ्यांनी बघितलंत, मी चौकशीत खोटं बोलले. मजूर खात्यात जाऊन मी ते सांगणार आहे."

काट्यावरची बाई जवळ आली. "वेडी झालीस का? तुझा हात किती सुधारला होता. पोरीचं वर्ष आहे. एका मोसार्वासाठी?"

"सही कर, बाई," ओतेंग म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. "एका सहीसाठी सगळं बंद पडेल."

"पडू दे," गाबाइपोने म्हणाली.

ओतेंगने फळ्यावर वजडी लिहिलं आणि हात वर करायला सांगितले. गाबाइपोनेचा एक हात वर गेला. बाकी अकरा जणांनी आपले हात मांडीखाली घेतले. वाचलेले हात पुन्हा मोडून घेणं त्यांना चाललं, आठवड्यातून दोन तास त्या खोलीत जाणं चाललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जो तो जुन्या जागी. मजूर खात्यात गाबाइपोनेचा जबाब घेतला, आणि कुबीची फाइल पुन्हा उघडू की नाही ते कळवू म्हणाले. कारखान्यात तिचा डबा दोनदा शेणात सापडला. आठ दिवसांत बोटं पुन्हा अडू लागली. कंपनीने लांबच्या वस्तीवरून ट्रकमध्ये बसवून दोन बासार्वा मुली आणल्या आणि वजडीच्या खोलीत सोडल्या.

जेवणाच्या सुट्टीत गाबाइपोने डबा घेऊन त्या खोलीत गेली. त्या मुली उभ्याच राहिल्या. ती उलट्या बादलीवर बसली आणि त्यांनाही तिने बसवलं.

"ऐका," ती म्हणाली. "आज ना उद्या ते फेरपाळीचा नवा कागद आणतील. त्यात ही खोली लिहिली आहे का, ते आधी मला दाखवायचं. नसेल तर अंगठा द्यायचा नाही. कोणी हात धरला तर मूठ मिटायची."

"नाही दिला तर काय होतं, म्मा?" धाकटीने विचारलं.

"त्यांचं काम अडतं," गाबाइपोने म्हणाली. "आणि तुमच्याशी कोणी बोलत नाही. माझ्याशी आठ दिवसांत बोललेली तूच पहिली."