पहिली खेप

२०११ च्या एप्रिलमध्ये एका कंपनीने कीबोर्ड काढता-घालता येणारा टॅबलेट जाहीर केला. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ते कुणाला आठवणारही नाही. पण त्या आठवड्यात इकडे परदेशात, आमच्या कनाटा गावच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. दीड मिनिटाचा व्हिडिओ होता. एक हात येतो, स्क्रीन खटकन उचलतो आणि कीबोर्ड टेबलावरच राहतो, वायरीविना चालतो. तरुण पोरं हरखून गेली होती, आम्ही जुनी खोडं नाकं मुरडत होतो. मी तीस वर्षं एकच काम केलं आहे, दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढण्याचं. त्याला टेस्टिंग म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. घरी तुम्ही तेच फुकट करता, असं सुहासिनी म्हणायची.

म्हणायची, म्हणजे बोलता येत होतं तेव्हा. त्या एप्रिलपर्यंत तिचा आवाज गेला होता.

सुहासिनी माझी बायको. बावीस वर्षं तिने एका डेंटिस्टच्या रिसेप्शनवर काढली. घाबरलेल्या पेशंटला बोलण्यात गुंतवून खुर्चीपर्यंत नेण्यात तिचा हातखंडा होता. आदल्या सप्टेंबरात तिची जीभ जड व्हायला लागली. आधी वाटलं दाताचं काही असेल, मग वाटलं दगदग. नोव्हेंबरात न्यूरॉलॉजिस्टने ए.एल.एस. हे नाव सांगितलं. या दुखण्यात एकेक स्नायू निकामी होत जातो. तिची सुरुवात घशापासून झाली होती, पुढे हात, मग बाकीचं. "हात कधी?" असं मीच विचारलं. "वर्षभरात, कदाचित थोडं आधीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ते वहीत तारखेसकट लिहून घेतलं. मला सगळं लिहून घ्यायची सवय आहे.

हॉस्पिटलातून एक बोलणारं यंत्र मिळालं होतं. त्यात इंग्रजी टाइप केलं की एक बाई ते ठसक्यात बोलून दाखवायची. सुहासिनीने ते दोन दिवस वापरलं आणि परत करायला लावलं. 'ही कोण बया माझ्या नवऱ्याशी इंग्रजीत बोलणार?' असं तिने कागदावर लिहिलं. मग तिने माझा जुना लॅपटॉप घेतला, त्यात मराठी टाइप करायची सोय होती. ती टाइप करायची, लॅपटॉप फिरवून माझ्याकडे करायची, मी वाचून उत्तर द्यायचो, की ती पुन्हा तो आपल्याकडे फिरवायची. आमचा सगळा संसार त्या फिरवाफिरवीवर चालला होता. भांडणंसुद्धा.

त्या शनिवारी मिलिंद आणि त्याची बायको जयंती चहाला आले. मिलिंद माझ्याच ऑफिसातला, नागपूरचा, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. चेष्टेला विषय हवा म्हणून मी त्याला तो व्हिडिओ दाखवला.

"एवढासा कनेक्टर," मिलिंद म्हणाला, "रोज दहादा काढला-घातला तर सिक्स मन्थ्समध्ये लूज होते की नाही बघ."

"आणि लोक प्री-ऑर्डर करताहेत!"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

आम्ही दोघं हसलो. तेवढ्यात टेबलावर दोनदा थाप पडली. सुहासिनीला बोलायचं असलं की ती अशी थाप मारायची. तिने लॅपटॉप ओढून घेतला, टाइप केलं आणि आमच्याकडे फिरवला.

'हे मला हवं.'

"कशाला? आहे ना हा चांगला," मी म्हणालो.

या वेळी तिने बराच वेळ घेतला.

'तुम्ही वाचता तेव्हा मला नुसती झाकणाची पाठ दिसते. माझं बोलणं ऐकताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला दिसत नाही. यात कीबोर्ड माझ्या मांडीवर राहील, स्क्रीन तुमच्यासमोर. मी बोलेन आणि तुमच्याकडे बघेन.'

जयंती घाईघाईने कप उचलून सिंककडे गेली. मिलिंदचा सूर एका क्षणात बदलला. "वहिनी, घेऊन टाकू. आय मीन इट. आजच ऑर्डर करू," तो म्हणाला. आणि मी, ज्याचा चेहरा बघायचा म्हणून ती हे मागत होती तो मी, काय म्हणालो? म्हणालो, "पहिली खेप घ्यायची नसते."

आमच्या मित्रमंडळींत हा नियम कुळाचारासारखा पाळतात. नवीन मॉडेलची गाडी पहिल्या वर्षी घ्यायची नाही. नवीन सॉफ्टवेअर आलं की आधी दुसऱ्यांना रडू द्यायचं. दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकसुद्धा फुंकून पितो. शिवाय माझा हेतू वाईट नव्हता. ती वस्तू तिचा आवाज होणार होती. ऐन वेळी बंद पडली, डॉक्टरसमोर बसलेली असताना अक्षरं उमटेनाशी झाली तर? तिच्यासाठी मला बिनचूक वस्तू हवी होती. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. तिने 'बरं' एवढंच टाइप केलं.

मधल्या काळात मी लॅपटॉपला एक जादा मॉनिटर जोडून माझ्या बाजूला ठेवला. पण ती कधी खिडकीशी, कधी घरामागच्या लाकडी डेकवर, कधी जयंतीच्या किचनमध्ये बसणार. वायरींचं ते लटांबर कुठं कुठं ओढत नेणार? तिसऱ्या दिवशी तिने सगळं काढायला लावलं.

टॅबलेट दुकानात आला तो सप्टेंबरात. दर शनिवारी मी वही घेऊन तिथे जाऊन उभा राहायचो. कीबोर्ड काढायचा, लावायचा, टाइप करायचं, पुन्हा काढायचा. दुकानातली मुलगी सुरुवातीला "कॅन आय हेल्प यू?" म्हणायची, पुढे नुसती मान हलवायची. मला खोटी सापडल्याच. घाईने लावला तर कीबोर्ड मधूनच मेल्यासारखा व्हायचा. मराठी सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर नेऊन चालवलं, तर जोडाक्षरं फुटायची. मी कंपनीला सविस्तर ईमेल पाठवली. उत्तर आलं, आभार मानलेलं. जानेवारीच्या खेपेत हे दोष नसतील असं त्यांनी कळवलं होतं. मी ते सुहासिनीला वाचून दाखवलं, पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसं. तिने पुन्हा 'बरं' टाइप केलं.

त्या 'बरं'ला किती वेळ लागला, ते मी बघितलं होतं. आंधळा नव्हतो मी. जुलैत तिच्या हातून चमचा सुटायला लागला. ऑगस्टमध्ये ब्लाउजचे हूक मी लावायला लागलो. सप्टेंबरात कुंकू लावताना तिचा हात कपाळापर्यंत पोचेना, म्हणून ते कामही माझ्याकडे आलं आणि मी रोज वाकडं लावत होतो. टाइप करायला आधी दहा बोटं होती, मग चार, मग उजव्या हाताचं एकच बोट. वाक्यं आखूड होत गेली. पूर्वी जी बाई सासूबाईंच्या आठवणी दोन-दोन पानं टाइप करायची, ती आता 'पाणी' आणि 'उशी' यावर आली होती. मला वाटलं, दमली असेल.

ऑक्टोबरात, इकडच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, आमची मुलगी अनुया एडमंटनहून आली. जन्म इथला, त्यामुळे मराठी कळतं सगळं, पण राग आला की इंग्रजीच. आईची एका बोटाची कसरत तिने सकाळभर बघितली आणि दुपारी मला गराजमध्ये गाठलं. मी गाडीचे बर्फासाठीचे विंटर टायर्स बाहेर काढत होतो.

"बाबा, तो टॅबलेट कुठंय? यू सेड सप्टेंबर."

"जानेवारीत सुधारलेली खेप येतेय."

"विल शी बी एबल टू टाइप इन जॅन्युअरी? जस्ट आन्सर मी."

"तुला यातलं काही कळत नाही. अर्धवट वस्तू देऊ का तिला?"

"बाबा. जॅन्युअरीत आई टाइप करू शकेल? येस ऑर नो?"

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. ती रडत आत गेली. मी टायरवर बसून राहिलो आणि हिशेब मांडायचा नाही म्हणता म्हणता मांडला गेला. डॉक्टरीणबाई नोव्हेंबरात म्हणाल्या होत्या, वर्षभरात. समोर नोव्हेंबरच होता.

मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. दुकानातल्या वस्तूची प्रत्येक खोट मी टिपली आणि घरातली ही एक तारीख तेवढी वाचायची टाळली. पहिली खेप घेतली असती, तर आपल्याला घाई आहे हे कबूल करावं लागलं असतं. घाई कशाची, तेही तोंडाने म्हणावं लागलं असतं. जानेवारीची वाट बघत बसलं की जानेवारी येणार आणि तेव्हाही सगळं असंच असणार असं वाटत राहतं. खोटी सापडल्या तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दाराशी उभा होतो. पहिली खेप संपली होती. त्यांनी दुसऱ्या गावाहून मागवला आणि तो यायला महिना लागला. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते काही खोटं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी तो खोक्यातून बाहेर काढला. सुहासिनी खिडकीशी खुर्चीत होती. मी तिच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर कीबोर्ड ठेवला, स्क्रीन शेजारच्या टेबलावर माझ्याकडे वळवून उभी केली आणि तिच्या समोर बसलो. मध्ये काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. मी तिचा हात उचलून कीबोर्डवर ठेवला.

"बोल," मी म्हणालो.

स्क्रीनवर एकच अक्षर वीसदा उमटलं. मग काहीच नाही. मग भलतीच तीन अक्षरं. त्या कीबोर्डची बटणं कागदासारखी चपटी होती, नुसता स्पर्श पुरायचा, आणि तिचं बोट एकदा टेकलं की उचललं जात नव्हतं. ही खोट मला दुकानात सापडली नव्हती, कारण तिथे बोटं माझी होती. मी कीबोर्ड तिरका करून बघितला, मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला. अर्धा तास गेला असेल. शेवटी तिने डोळ्यांनीच कोपऱ्यातला जुना लॅपटॉप दाखवला.

मी तो आणला. त्याची बटणं उंच होती, जोर लावून दाबावी लागायची. मी तिचं मनगट धरून ठेवलं आणि ती एकेक बटण दाबत गेली. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो. मध्ये दोनदा ती थांबली, मी टिश्यूने तिचं तोंड पुसलं. लॅपटॉप फिरवायची ताकद तिच्यात नव्हती. झालं, असं तिने पापण्यांनी सांगितल्यावर मी तो उचलला आणि माझ्याकडे केला.

'मला दिसत होतं. तुम्हाला थांबायचं होतं. म्हणून मी हट्ट केला नाही.'

तिला सगळं कळत होतं. मी कशाला भीत होतो ते तिने एप्रिलपासून ओळखलं होतं, आणि माझी भीती मोडू नये म्हणून तिने आपले उरलेले बोलायचे दिवस मला देऊन टाकले होते. ती चिडली असती, आदळआपट केली असती, तर टॅबलेट दुकानात आला त्याच आठवड्यात मी जाऊन आणला असता. ती नुसती 'बरं' म्हणत राहिली.

मी लॅपटॉप दोन्ही हातांनी तसाच तोंडासमोर धरून बसलो. वाचून केव्हाच झालं होतं. पलीकडे तिला झाकणाची पाठ दिसत होती आणि झाकणामागे मी लहान मुलासारखा रडत होतो, आवाज न करता. मला वाटत होतं, एवढं एक तिला दिसू नये.

टेबलावर हलकीच थाप पडली, एकदाच. दुसरी मारायची ताकद तिच्यात नसावी.

मी झाकण मिटलं आणि तिला माझा चेहरा बघू दिला.